तीन म्हटलं की थांबायचं

माझ्या बाहुलीला केस नव्हते. बाकी सगळं होतं. निळा किमोनो होता, पायात लाकडी चपला होत्या, चेहऱ्यावर न मावळणारं हसू होतं. फक्त डोकं तांब्यासारखं गुळगुळीत.

"सर, एवढं टक्कल तरी झाका," मी म्हटलं.

रणदिवे सर टेबलाखाली वायरींत शिरले होते. तिथूनच त्यांनी सांगितलं की केसांचा मेनू काल सापडला होता, आज कुठे गेला ते कळत नाही, तोवर टोपी घालून बघा. मी टोपी घातली. ती मोटारसायकलचं हेल्मेट निघाली, आणि ती काढायचा मेनूही सापडेना. घड्याळात साडेदहा झाले होते. अकरा वाजता संस्थेची पूर्ण समिती येणार होती, आणि त्याच वेळी जपानमधून एक खरीखुरी जपानी बाई.

ही गोष्ट दोन हजार नऊ सालची. कराडला आमचं परकीय भाषांचं छोटं केंद्र होतं. परकीय भाषा म्हणजे एकच, जपानी, आणि शिकवणारीही एकच, मी, वृंदा थोरात. शिरवळच्या बाजूला जपानी कारखाने येणार अशी हवा होती, त्या हवेवर केंद्र सुरू झालं होतं. सहा वर्षांत कारखाने आमच्यापर्यंत आले नाहीत, आणि विद्यार्थी चाळिसावरून चौदावर आले. त्या वर्षी समितीत विषय निघाला की ही खोली टायपिंगच्या वर्गाला का देऊ नये. अध्यक्ष आबासाहेब डुबल यांनी रणदिवे सरांना सांगितलं, की काहीतरी दाखवा, नाहीतर खोली मोकळी करा.

रणदिवे सर केंद्राचे प्रमुख. जन्मभर गणित शिकवलेलं, निवृत्तीनंतर संगणकाचं वेड लागलेलं. त्यांनी कुठूनतरी एक प्रयोग शोधून काढला. जपानच्या एका विद्यापीठानं भाषा शिकवण्यासाठी संगणकात एक आख्खं गाव उभं केलं होतं. स्टेशन, पोस्ट, शेवयांचं दुकान, देऊळ, समुद्र. आपण प्रत्येकानं एक बाहुला व्हायचं, बाणांच्या बटणांनी त्या गावात हिंडायचं आणि कानाला हेडफोन लावून भेटेल त्याच्याशी जपानीत बोलायचं. सरांचं म्हणणं असं की आमची मुलं पुस्तकातली वाक्यं पाठ करतात, पण तिकीट काढायची वेळ आली तर तोंड उघडणार नाहीत. इथे त्यांना तिकीट काढावंच लागेल.

मुलांनी तिकिटं काढली नाहीत. पहिल्याच दिवशी सारंग माने समुद्रात पडला आणि त्याला वर यायची वाट मिळेना. पुढचे दोन तास तो समुद्राच्या तळाशी फिरत होता आणि मी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तिथून देत होता. बरोबर देत होता. फरिदा मुल्लाची बाहुली शेवयांच्या दुकानाच्या छपरावर चढली, ती शेवटपर्यंत तिथेच राहिली. तिनं क्रियापदाची सगळी रूपं छपरावर बसून पाठ केली. पण सर खूश होते. मुलं वर्ग चुकवत नव्हती हे खरंच.

त्या गावात सातचं बटण दाबलं की बाहुली कमरेत वाकून नमस्कार करायची. जपानीत त्याला ओजिगी म्हणतात. सरांना ते बटण फार आवडायचं. आपली माणसं जपानी बोलतील न बोलतील, पण वाकतील तरी नीट, असं ते म्हणायचे.

आणि मग एके दिवशी ते वर्गात आले आणि म्हणाले की विद्यापीठाला पत्र लिहिलं होतं, उत्तर आलं. शनिवारी त्यांच्याकडच्या कुरिहारा नावाच्या बाई, जपानी रीतीनं आदरानं म्हणायचं तर कुरिहारा-सान, संगणकातल्या गावात येतील आणि वृंदा मॅडमशी समितीसमोर अर्धा तास बोलतील. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, सगळ्यांत उशिरापर्यंत.

आता इथे मला एक गोष्ट सांगायला हवी. केंद्राच्या उद्घाटनाच्या पत्रिकेत माझ्या नावाखाली 'जपानी भाषेत प्रशिक्षित' असं छापायचं होतं. छापखान्यात त्याचं 'जपानमध्ये प्रशिक्षित' झालं. तेव्हा मी नुकतीच लग्न होऊन कराडला आलेली. ती चूक पाहून सासूबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी दहा पत्रिका जास्तीच्या मागवल्या. मी दुरुस्ती करीन करीन म्हणत राहिले. मग लोक मला जपानी बाई म्हणायला लागले. भाजीवाली विचारायची, तिकडं कोथिंबीर मिळते का. मी म्हणायची, एवढी चांगली नाही. असं करत सहा वर्षं गेली.

मी जपानी शिकले पुण्यात, एका मराठी बाईंकडून, आणि त्या शिकल्या होत्या आणखी एका मराठी बाईंकडून. खऱ्या जपानी माणसाशी मी आयुष्यात एक वाक्य बोलले नव्हते. परीक्षा सगळ्या पास झाले होते, पण मनात एक भुंगा कायम असायचा, की आपण जे बोलतो ते जपानीच आहे ना? की एकीकडून दुसरीकडे येता येता तिचं काहीतरी वेगळंच झालंय, आणि ते फक्त कराडात चालतं? त्या शनिवारी पूर्ण समितीसमोर ह्याचा निकाल लागणार होता. कुरिहारा-सान ऐकतील आणि नम्रपणे विचारतील, की बाईंना कोणती भाषा बोलायची आहे?

म्हणून मी बारा वाक्यं एका पुठ्ठ्यावर लिहून पडद्याच्या खाली चिकटवली. पहिलं होतं, आपली पहिलीच भेट. बारावं होतं, पुन्हा भेटू. मधली दहा हवामानाबद्दल होती.

अकराला दहा मिनिटं असताना समिती आली. आबासाहेब मधल्या खुर्चीवर, दोन्ही बाजूंना मिळून पाच सभासद, सगळे पांढऱ्या कपड्यांत. त्यांच्यासाठी भिंतीवर मोठं चित्र पाडलं होतं. सरांनी एक कॅमेराही त्यांच्याकडे तोंड करून लावला, म्हणजे पाहुण्या बाईंना आपली समिती दिसेल. बाईंकडे कॅमेरा नव्हता, त्या बाहुलीच्याच रूपात येणार होत्या. मुलं मागे बाकांवर. मी बाजूच्या संगणकापाशी, हेल्मेटवाली बाहुली घेऊन देवळाच्या पायरीवर उभी.

अकरा वाजले आणि देवळासमोर राखाडी किमोनोतली एक बुटकी बाहुली प्रकट झाली. हेडफोनमध्ये एका वयस्कर बाईचा श्वास ऐकू आला. मी पहिलं वाक्य म्हटलं आणि सातचं बटण दाबलं.

माझी बाहुली वाकली. उठली. पुन्हा वाकली. मी बटणावरून बोट काढलं होतं, तरी ती तिसऱ्यांदा वाकली. बटण खाली गेलं होतं ते वर आलंच नव्हतं. मी ते नखानं उचलून पाहिलं, बाजूच्या बटणांवर चापट मारली. ते आणखी खोल गेलं. बाहुली वाकत होती, हेल्मेट चमकत होतं.

आणि समोरची राखाडी बाहुलीही वाकायला लागली. जपानी रीतच तशी, समोरचा वाकला तर आपणही वाकायचं, आणि समोरच्यापेक्षा किंचित खाली. मी वाकले की ती वाकायची, आणि तिचं उठणं पूर्ण होण्याआधी मी पुन्हा खाली. मागे मुलं आपसांत कुजबुजू लागली. सारंगनं मोजायला सुरुवात केली होती, तेही जपानीत.

रणदिवे सर माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसले आणि हळूच म्हणाले की बंद करू नका, पुन्हा आत यायला वीस मिनिटं लागतात. त्यांनी माझ्या केसांतली पिन मागितली आणि बटण कोरायला घेतलं. तोवर बाईंशी बोलत राहा म्हणाले.

मी पुठ्ठ्याकडे पाहिलं. आज हवा छान आहे. आपल्याकडे बर्फ पडतो का. दोन माणसं एकमेकांसमोर वीस वेळा वाकल्यावर बर्फाची चौकशी करता येत नाही एवढं मला कळत होतं. सांगायचं होतं ते एवढंच, की माझं बटण अडकलंय. आणि मला 'अडकणं' हा शब्द येत नव्हता. सहा वर्षं शिकवत होते, टेबलावर पुस्तक आहे, पुस्तक लाल आहे, यामादा-सान स्टेशनवर गेले. आमच्या पुस्तकात कधी कोणाचं काही अडकलंच नव्हतं.

मग तोंडाला आलं ते बोलून टाकलं. "बोतान गा ब्योओकि देसु." म्हणजे, बटण आजारी आहे.

हेडफोनमधला तो वयस्कर आवाज अतिशय काळजीनं म्हणाला, "ओदाइजि नि." आपल्याकडे आजाऱ्याला काळजी घ्या म्हणतात ना, तसं. आणि राखाडी बाहुली पुन्हा वाकली, या वेळी बराच वेळ खाली राहिली.

मला वाटलं, झालं. बाईंना काही कळलेलं नाही. ही आपली जपानी.

तेवढ्यात सरांच्या पिनेला काहीतरी लागलं आणि बटणाखालून अर्धा शेंगदाणा उडून बाहेर पडला. सर संगणकासमोर चिवडा खायचे, हे जगजाहीर होतं. सातचं बटण टुणकन वर आलं. माझी बाहुली ताठ उभी राहिली. मी सुटकेचा श्वास घेतला.

राखाडी बाहुली वाकतच होती.

मी थोडा वेळ थांबले. ती थांबेना. तिचंही बटण अडकलं की काय असं वाटून मी सरांकडे पाहिलं, तर सर मागे बघत होते. मीही वळून पाहिलं.

पूर्ण समिती उभी होती. आबासाहेब मधोमध, हात जोडून, भिंतीवरच्या चित्राकडे तोंड करून, आणि बाई वाकल्या की तेही मान झुकवत होते. बाकीचे पाचजण त्यांच्याकडे बघून तसंच करत होते. टोकाला उभे असलेले सभासद सत्तरीच्या पुढचे होते, त्यांनी एक हात खुर्चीला धरला होता आणि एका हातानं नमस्कार चालू ठेवला होता. आणि समोरचा कॅमेरा हे सगळं जपानला दाखवत होता.

मी उठून आबासाहेबांजवळ गेले आणि सांगितलं, की आता आपण बसलात तरी चालेल.

आबासाहेब मान झुकवूनच म्हणाले, "पाहुणी वाकतीय तोवर मी खुर्चीत बसू? कराडची काय शोभा राहिली मग?"

मी सांगितलं की त्या आपल्यामुळेच वाकतायत, आपण बसलात की थांबतील.

"मग त्यांना आधी थांबायला सांगा. आम्ही लगेच बसतो."

मी परत येऊन हेडफोन लावला. पुठ्ठा एव्हाना खाली पडला होता आणि तो उचलायला वेळ नव्हता. मी कुरिहारा-सानना सांगितलं की कृपा करून थांबा, आमचे अध्यक्ष दमले आहेत. वाक्यात क्रियापद बहुतेक चुकलं होतं. पण उत्तर लगेच आलं, आणि मला ते संपूर्ण कळलं: एवढी सहा थोर माणसं उभी राहून मान देत असताना आपण आधी कसं थांबायचं, आधी त्यांनी बसावं.

मी हे आबासाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, बाई संस्कारी दिसतात, पण मी ऐकणार नाही. हे मी बाईंना सांगितलं. 'ऐकणार नाही' गाळलं आणि त्याऐवजी अध्यक्ष फार जुन्या वळणाचे आहेत असं म्हटलं. बाई म्हणाल्या, त्यांचे वडीलही असेच होते. हे मी आबासाहेबांना सांगितलं, तर त्यांनी वडील हयात आहेत का विचारलं. असं दोन्ही बाजूंनी चाललं होतं, मधे मी, आणि नमस्कार थांबत नव्हते. टोकाच्या सभासदांचा चेहरा लाल झाला होता.

शेवटी मी दोन्हीकडे एकच निरोप दिला. मी एक, दोन, तीन म्हणते. तीन म्हटलं की कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही, दोघांनी एकदम थांबायचं.

आबासाहेबांनी विचार केला आणि म्हणाले, "ह्यात कुणाचा अपमान नाही. म्हणा."

"इचि," मी म्हटलं. मागून चौदा मुलांनी आवाज मिळवला. "नि." हेडफोनमध्ये बाईही मोजत होत्या. "सान."

सहा सभासद धपकन खुर्च्यांत बसले. भिंतीवर राखाडी बाहुली ताठ उभी राहिली. घड्याळात साडेअकरा होत आले होते, म्हणजे आमची वेळ संपली होती. कुरिहारा-सान एवढंच म्हणाल्या की आज फार छान गप्पा झाल्या, आणि दिसेनाशा झाल्या.

मग आबासाहेबांनी कपाळ पुसलं आणि म्हणाले की टायपिंगला आपण दुसरी खोली बघू. आणि सभासदांकडे वळून म्हणाले, "बघितलं का? जपानात राहून आल्याशिवाय असं जमत नाही."

मला आजही सांगता येणार नाही की मी तेव्हा का बोलले. खोली वाचली होती, गप्प बसायला काही हरकत नव्हती. पण नुकतीच अर्धा तास घाम गाळून खरी जपानी बोलले होते, आणि तिचं श्रेय छापखान्याला जावं हे मला सोसेना.

"आबासाहेब, मी जपानला कधीच गेलेली नाही. पत्रिकेत चुकीचं छापलं होतं."

आबासाहेबांनी रणदिवे सरांना विचारलं, की मग ह्या शिकल्या कुठं? सरांनी सांगितलं, पुण्यात, कर्वे रस्त्याला.

आबासाहेबांनी दोनदा मान हलवली. "मग तर जास्तच अवघड," असं म्हणाले आणि चहा मागवला.

समिती गेल्यावर मुलांसमोर उभं राहायला मला लाज वाटत होती. मी त्यांना म्हटलं की इतकी वर्षं मी तुम्हाला खरं सांगितलं नाही, माझी चूक झाली. मग फरिदानं शेजारच्या सारंगला कोपरानं ढोसलं.

"मॅडम," सारंग म्हणाला, "मागच्या वर्षी तुम्ही पासपोर्टचा अर्ज केला होता. त्याच्या चौकशीला तुमच्या घरी जे हवालदार आले होते ते माझे पप्पा. पहिलाच पासपोर्ट आहे असं घरी येऊन सांगितलं होतं त्यांनी."

"मग तू कुणाला सांगितलंस?"

त्यानं वर्गावर नजर फिरवली. "सगळ्यांना," तो म्हणाला. "पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कुणी बोललं नाही."

भाजीवालीलाही माहीत होतं. नंतर मी तिला विचारलं. मग कोथिंबिरीचं का विचारत होतीस, म्हटलं. ती म्हणाली, तुम्ही काय सांगताय ते बघत होते.

ते संगणकातलं गाव पुढे वर्षभरात बंद पडलं. विद्यापीठाचा प्रयोग संपला. पण कुरिहारा-सान आणि मी बोलत राहिलो. आधी पत्रं, मग दर शनिवारी संगणकावरून, बाहुल्यांशिवाय. त्या सत्तरीच्या होत्या, समुद्रकाठच्या एका लहान गावात राहायच्या. त्यांच्याशी बोलून बोलून माझं क्रियापद सुधारलं. 'अडकणं' हा शब्द तर पहिल्याच पत्रात विचारून घेतला.

त्या दिवसाबद्दल आम्ही जवळजवळ वर्षभर बोललो नाही. मग एका शनिवारी मीच विषय काढला. म्हटलं, तुम्ही किती सभ्य, आमच्यासाठी एवढा वेळ वाकत राहिलात.

त्या म्हणाल्या की आता सांगायला हरकत नाही. त्या शिक्षिका नव्हत्याच. चौतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसल्या होत्या. विद्यापीठातल्या खऱ्या बाई त्या दिवशी तापानं आजारी पडल्या, आणि तिथे काम करणाऱ्या भाचीनं यांना आयत्या वेळी खुर्चीवर बसवलं. परदेशी माणसाशी त्या जन्मात बोलल्या नव्हत्या. त्यांची बोली गावंढळ, शहरातले लोक हसायचे. आणि समोर, भाचीनं सांगितल्याप्रमाणे, भारतातल्या मोठ्या प्राध्यापक बाई, पुस्तकातली शुद्ध जपानी बोलणाऱ्या. आता आपली चूक निघणार, या भीतीनं त्या खुर्चीत बसल्या होत्या.

"वाकत होते तोवर बोलावं लागत नव्हतं," कुरिहारा-सान म्हणाल्या. "तुम्ही थांबू नये असं वाटत होतं."

मग मी त्यांना पत्रिकेचं सांगितलं. पुण्याचं सांगितलं, कोथिंबिरीचं सांगितलं. त्या तोंडावर हात ठेवून इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा खाली पडला, आणि तो शोधायला त्या पडद्यावरून नाहीशा झाल्या. रिकाम्या खुर्चीच्या मागे बराच वेळ हसणं ऐकू येत होतं.

परत आल्यावर त्यांनी विचारलं, की तुमच्या मराठीत 'मला येत नाही' कसं म्हणतात? मी सांगितलं. जपानी जिभेला ल जमत नाही. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, "मरा येते नाही." मी म्हटलं, मरा नको, मला. दुसऱ्यांदा अर्धं जमलं. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले, श्वास घेतला, आणि 'मला येत नाही' इतकं स्वच्छ म्हटलं, की ते खोटं ठरलं.